नॅस की घरचा सर्व्हर? आधी फाइल तपासा, मग खोली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे, एखाददुसरा अपवाद सोडता, आठव्या पिढीच्या खालच्या इंटेल प्रोसेसरवर चालत नाही, म्हणून सातव्या पिढीची चांगली धडधाकट यंत्रे कचेऱ्यांनी काढायला घेतली आहेत. डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी हे वहीएवढे पीसी पुण्यातून आणि सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून नांदेड, परभणी, लातूरपर्यंत येतात. त्यामुळे घरातले व्हिडिओ, फोटो, गाणी एका ठिकाणी साठवू पाहणाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो, की नॅसची, म्हणजे फाइली साठवून घरभर पुरवणारी, तयार पेटी घ्यावी की असला छोटा पीसी घेऊन घरचा सर्व्हर करावा. दुकानात या प्रश्नाचे उत्तर बहुधा किमतीवरून मिळते. ते दोन गोष्टींवरून द्यायला हवे : तुमच्या फाइली कोणत्या प्रकारच्या आहेत, आणि पेटी ज्या खोलीत राहणार तिथे मे महिन्यात किती तापते.

आधी आकार पाहू. लग्नाचे चित्रीकरण हल्ली ४के मध्ये १०० मेगाबिट वेगाने होते. त्याचा एक तास म्हणजे ४५ जीबी. दोन कॅमेरे आणि सहा तास धरले तर एकट्या लग्नाचे ५४० जीबी. हरिनाम सप्ताहाची सात आणि काल्याचे एक अशी आठ कीर्तने, प्रत्येकी दोन तास, साध्या फुल एचडीत १२ मेगाबिटने घेतली तर ८६ जीबीत बसतात. जुनी मिनीडीव्ही कॅसेट जशीच्या तशी उतरवली तर तासाला १३ जीबी. ऑडिओ कॅसेट सीडीच्या दर्जाने उतरवली तर तासाला साधारण ६३५ मेगाबाइट, आणि फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता दाबलेल्या रूपात, त्याच्या निम्म्या-पाऊणपट. म्हणजे बहुतेक घरांना ४ टीबी पुरते. ४ टीबीची डिस्क संगणकावर ३.६४ दिसते, ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ने.

नॅस म्हणजे डिस्क बसवायचे खण असलेली, स्वतःची प्रणाली घेऊन येणारी पेटी. सिनॉलॉजी, क्यूनॅप, असुस्टॉर यांच्या दोन खणांच्या पेट्या आपल्याकडे मिळतात. घरचा सर्व्हर म्हणजे साधा पीसी, त्यावर लिनक्स आणि त्यावर व्हिडिओ टीव्हीला पुरवणारे जेलीफिनसारखे मोफत सॉफ्टवेअर. फाइल साठवणे आणि टीव्हीकडे पाठवणे हे काम दोन्ही सारखेच करतात. फरक पडतो तो टीव्हीला फाइल समजत नाही तेव्हा. अशा वेळी पेटीला व्हिडिओ उलगडून, टीव्हीला समजेल अशा रूपात चालता चालता पुन्हा बांधावा लागतो. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि स्वस्त नॅस नेमका इथे गुडघे टेकतो.

म्हणून खरेदीआधी अर्ध्या तासाची एक चाचणी करा. संग्रहातल्या सर्वांत अवघड पाच-सहा फाइली पेनड्राइव्हवर घ्या : आयफोनचा व्हिडिओ, लग्नाची मूळ कॅमेऱ्याची फाइल, डीव्हीडीवरून उतरवलेली, सबटायटल असलेली एक. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट३२मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एखादा जुना टीव्ही एक्सफॅट वाचत नाही. मग एनटीएफएस करून पाहा. फाइली टीव्हीला लावा आणि चित्र, आवाज, पुढे-मागे नेणे असे तिन्ही तपासा. आवाजच येत नसेल तर तो बहुधा डीटीएस प्रकारचा आहे. सॅमसंगने २०१८पासून टीव्हीतून डीटीएस काढून टाकले, एलजीनेही काही वर्षे ते दिलेले नव्हते. फक्त आवाज बदलणे हे हलके काम आहे, स्वस्त नॅसही ते करतो. चित्र काळे राहिले किंवा अडखळले तर काम जड आहे. सबटायटल चित्राच्या स्वरूपात असतील, जशी ब्लू-रेवर असतात, तर टीव्हीवरच्या बऱ्याच अॅपमध्ये ती चित्रात भाजून द्यावी लागतात. त्यासाठी पूर्ण व्हिडिओ नव्याने बांधला जातो. सबटायटल लावले की अडकते, काढले की चालते, या नेहमीच्या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

सगळ्या फाइली टीव्हीने निमूट चालवल्या तर नॅस घ्या, आणि त्यातला साधाच घ्या. सिनॉलॉजीच्या डीएस२२३सारख्या एआरएम प्रोसेसरच्या पेटीला फाइल नुसती उचलून द्यायची असते. ते काम ती वर्षानुवर्षे करते. अपडेट आपोआप येतात, डिस्क बिघडू लागली तर फोनवर निरोप येतो, आणि घरातल्या कोणालाही ती वापरता येते. मात्र जुन्या लेखांत नॅसवरच्या ज्या व्हिडिओ अॅपचे कौतुक असते ते आजही आहे की नाही हे पाहून घ्या. सिनॉलॉजीने २०२४मध्ये डीएसएम या आपल्या प्रणालीच्या ७.२.२ आवृत्तीपासून व्हिडिओ स्टेशन बंद केले. त्याच कंपनीने २०२५च्या प्लस मालिकेत स्वतःच्या यादीतल्या डिस्कचा आग्रह धरला होता आणि त्याच वर्षी डीएसएम ७.३ आणताना तो सैल केला. पेटी घेताना तिची सुसंगत डिस्कची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा, विक्रेत्याच्या तोंडी भरवशावर राहू नका.

दोन-तीन फाइलींनी दगा दिला तर छोटा पीसी घ्या. इंटेलच्या प्रोसेसरमधला क्विक सिंक हा भाग ट्रान्सकोडिंगचे ओझे उचलतो, पण पिढी महत्त्वाची. सहाव्या पिढीत १०-बिट एचईव्हीसी हा नव्या फोन-कॅमेऱ्यांच्या व्हिडिओचा प्रकार नीट उलगडत नाही, सातव्यात उलगडते. आय५-६५००टी आणि आय५-७५००टी या दोन यंत्रांची डबी सारखीच दिसते, किंमतही जवळजवळ तीच असते. त्यामुळे मॉडेलच्या नावावर न जाता प्रोसेसरचा आकडा चालू यंत्रावर वाचा. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर नको, त्यात ग्राफिक्सच नसते. नवे घ्यायचे तर इंटेलचा एन१०० हा चार कोअरचा, ६ वॅटचा प्रोसेसर या कामाला उत्तम आहे, तो एव्ही१ हा व्हिडिओचा नवा प्रकारही उलगडतो. रास्पबेरी पायचा मोह टाळा. पाय ५मध्ये व्हिडिओ बांधणारा हार्डवेअर भाग ठेवलेलाच नाही.

जुना मिनी पीसी घेताना हमखास होणारी चूक डिस्कची आहे. आत २.५ इंची, ७ मिलिमीटर जाडीचीच डिस्क बसते. ४ किंवा ५ टीबीची २.५ इंची डिस्क १५ मिलिमीटर जाड असते, ती बसत नाही. मग यूएसबीला डिस्क लावावी लागते. ती ३.५ इंची, स्वतंत्र १२ व्होल्ट अडॅप्टरची घ्या. यूएसबीच्याच विजेवर चालणाऱ्या छोट्या डिस्क कॉपी करताना मधेच गळतात. जागा असेल तर मिनीऐवजी त्याहून थोडी मोठी, एसएफएफ आकाराची पेटी बघा, तिच्यात ३.५ इंची डिस्क सरळ साटा केबलवर बसते आणि ही कटकट राहत नाही.

सॉफ्टवेअरचे काम एका रविवारचे आहे. डेबियन हे लिनक्स टाका, डेस्कटॉप नको. जेलीफिन त्याच्या अधिकृत रिपॉझिटरीतून बसवा आणि ब्राउझरमध्ये यंत्राच्या पत्त्यापुढे ८०९६ हा पोर्ट देऊन उघडा. जेलीफिनच्या वापरकर्त्याला ‘रेंडर’ गटात घाला, नाहीतर क्विक सिंक चालू केलेले दिसते पण व्हिडिओ सुरू होताच त्रुटी येते. प्लेबॅकच्या पानावर क्विक सिंक निवडा आणि प्रोसेसरला जे येते तेवढ्याच खुणा करा. टीव्हीवर एक फाइल लावून डॅशबोर्ड पाहा : ‘डायरेक्ट प्ले’ लिहिले असेल तर पेटी निवांत आहे, ‘ट्रान्सकोड’ असेल तर कारण तिथेच दिलेले असते.

एक खाचखळगा आवर्जून सांगण्याजोगा. बाहेरची डिस्क जोडताना कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या लिनक्सच्या एफस्टॅब (fstab) फाइलमध्ये तिचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, लिहा आणि ‘नोफेल’ (nofail) हा शब्द घाला. तो नसेल आणि एखाद्या सकाळी डिस्क जागी झाली नाही, तर पीसी सुरू होता होता अडकून बसतो. ‘नोफेल’ घातल्यावर यंत्र सुरू होते, पण डिस्कच्या जागी रिकामा फोल्डर उरतो. त्याच रात्री कॉपीचे काम ठरलेले असेल तर सगळा डेटा त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे छोट्या एसएसडीवर उतरतो आणि ती तुडुंब भरते. जेलीफिनलाही फाइलींचा फोल्डर रिकामा दिसतो. उपाय सोपा आहे : डिस्कवर एक रिकामी खुणेची फाइल ठेवा आणि ती दिसली तरच कॉपी सुरू व्हावी अशी अट स्क्रिप्टमध्ये घाला.

डिस्क कोणतीही घ्या, ती सीएमआर, म्हणजे पट्टे सुटे-सुटे शेजारी असलेली, आहे याची खात्री करा. एसएमआर डिस्कमध्ये पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचे पुन्हा लिहावे लागतात. त्यामुळे मोठ्या कॉपीत वेग कोसळतो आणि रेडमध्ये (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या संचात) बदललेली डिस्क भरून निघायला दिवसच्या दिवस जातात. वेस्टर्न डिजिटलने एप्रिल २०२०मध्ये आपल्या ‘रेड’ (Red) नावाच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे जाहीर केले. आज ‘रेड प्लस’ आणि सीगेटची ‘आयर्नवुल्फ’ सीएमआर आहेत. जानेवारी २०२५मध्ये जर्मनीत वापरलेल्या सीगेट डिस्क तासांची नोंद पुसून नव्या म्हणून विकल्याचे उघड झाले. तेव्हापासून स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदीतले, तास पुरेसे मानू नका, स्मार्टसीटीएल (smartctl) या आज्ञेने सीगेटचा ‘फार्म’ लॉगही वाचा. तो आकडा पुसणे जास्त अवघड असते. नवी डिस्क आल्या दिवशी स्मार्टची लांब चाचणी लावा. ४ टीबीला आठ-दहा तास लागतात, रात्रभर चालू द्या. बदललेले आणि प्रलंबित सेक्टर शून्य असतील तरच डिस्क ठेवा, नाहीतर परत करा.

आता खोली. सिनॉलॉजीच्या पेट्यांच्या तपशिलात चालवण्याचे तापमान ० ते ४० अंश लिहिलेले असते. हे खोलीचे तापमान आहे. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडला बाहेर ४२-४३ अंश जातात, आणि वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली रात्री अकरालाही तापलेली असते. पत्र्याच्या खोलीचे तर बोलायलाच नको. डिस्क खोलीपेक्षा साधारण ८ ते १२ अंश गरम राहते. म्हणजे बंद दाराच्या टीव्ही कपाटात, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेली डिस्क ५५च्या पुढे सहज जाते. कंपन्या ६०-६५ अंशांच्या आसपासची मर्यादा देतात खरी, पण ४५च्या आत ठेवायचे धोरण बरे आणि ५५ला यंत्र आपोआप बंद होईल अशी सोय हवीच. जागा निवडायची तर तळमजला, मधली खोली, जमिनीपासून फूट-दीड फूट उंच, चारी बाजूंनी चार बोटे मोकळी. माळवदाचे घर असेल तर गारव्याला त्याच्यासारखी जागा नाही, फक्त वरून झरणाऱ्या मातीसाठी पेटीच्या फूटभर वर फळी मारा. पेटीवर कापड टाकू नका.

कूलरच्या झोतात पेटी कधीही ठेवू नका. वारा गार वाटतो, पण तो ओला असतो आणि बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार फवाऱ्याबरोबर बोर्डावर बसतो. जिनिंग किंवा दालमिलच्या वाऱ्याच्या बाजूला घर असेल तर पंख्याची जाळी दर महिन्याला ब्रशने झाडा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरा, नाहीतर ते उलटे फिरून पंखाच जातो. अडॅप्टरमध्ये पाल किंवा मुंग्या शिरून शॉर्ट होणे हेही आपल्याकडचे नेहमीचे कारण आहे. जमिनीवर पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड भिंतीवर चढवा.

विजेचा हिशेब दोन भागांत येतो. सातव्या पिढीचा मिनी पीसी आणि एक डिस्क मिळून १५ ते २० वॅट घेतात, महिन्याला १३ युनिटच्या आसपास. दोन खणांचा नॅसही तेवढाच. जुन्या टॉवर पीसीने रिकामे बसूनही ६० वॅट खाल्ले तर महिन्याला ४३ युनिट होतात, आणि १०० युनिटच्या आत बसणारे घर त्याने महावितरणच्या वरच्या टप्प्यात जाऊ शकते. फुकट मिळालेला टॉवर त्यामुळे स्वस्त पडत नाही.

दुसरा भाग वीज जाण्याचा. गेलेली वीज परत येताना दोन-तीनदा लुकलुकते, आणि डिस्कचा जीव त्या लुकलुकण्यात जातो. ६०० व्हीएचा यूपीएस सक्तीचा समजा. त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. निम्म्याहून कमीच हाती लागतात. पेटी, राउटर आणि फायबरचा डबा मिळून ३५ वॅट धरले तर पाऊण ते एक तास निघतो. पण बॅटरी संपत आल्याचे पेटीला कळले पाहिजे, आणि बऱ्याच स्वस्त यूपीएसला त्यासाठीचा यूएसबी पोर्टच नसतो. खरेदीआधी मागची बाजू बघा. पोर्ट असेल तर पीसीवर ‘नट’ हे सॉफ्टवेअर बसवा. नॅसमध्ये ती सोय आधीच असते. बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना निम्मे होते असा ठोकताळा आहे, म्हणून आपल्याकडे ती दोन वर्षांत बदलायची तयारी ठेवा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर त्याचा खटका ‘यूपीएस’ मोडवर हवा, साध्या मोडवर अदलाबदलीला वेळ लागतो आणि पेटी बंद पडते.

अर्थिंग मल्टिमीटरने तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये २-३ व्होल्टांपेक्षा जास्त दिसले तर वायरमन बोलवा. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरते उरते; त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. वळवाच्या कडकडाटात प्लग काढाच. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण त्या डब्याच्या अडॅप्टरमधून आणि तिथून लॅनच्या तारेने ती पेटीपर्यंत येते.

नेटवर्कवर लोक उगाच पेटीला दोष देतात. लॅनच्या तारेत आठही धागे क्रिम्प केले तरच गिगाबिट वेग मिळतो. केबलवाल्याने चारच जोडले असतील तर १०० मेगाबिटवर अडतो. पहिल्यात १ टीबी अडीच तासांत जातो, दुसऱ्यात पंचवीस तास. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्टही १०० मेगाबिटचाच असतो, त्यामुळे जड ४के फाइल तारेपेक्षा ५ गिगाहर्ट्झ वायफायवर चांगली चालते. हे ऐकायला उलटे वाटते, पण करून पाहा.

मराठीत फाइलींना नावे देणाऱ्यांनी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. लिनक्समध्ये नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. मात्रा, अनुस्वार, हलंत वेगळे मोजले जातात. म्हणजे हातात ८५ चिन्हे. सिनॉलॉजीवर कूटबद्ध सामायिक फोल्डर केला तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हे, आणि ‘आजी-आजोबांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव’ एवढ्या नावातच त्यातले १०२ बाइट जातात. लांब नावांच्या फाइली कॉपी होत नाहीत आणि कारण पटकन उमगत नाही. तारीख इंग्रजी आकड्यांत सुरुवातीला लिहा, त्यांना एकच बाइट लागतो आणि क्रमही आपोआप लागतो. चित्रात भाजलेल्या मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसले तर सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नाही; नोटो किंवा लोहितचे पॅकेज टाका.

बाहेरगावाहून पाहण्यासाठी राउटरवर पोर्ट उघडू नका. बहुतेक फायबर जोडण्यांवर सीजीनॅट, म्हणजे अनेक घरांत मिळून एकच सार्वजनिक इंटरनेट पत्ता, असल्याने तो चालतही नाही, आणि जिथे चालतो तिथे धोका आहे : जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट या खंडणीच्या प्रकाराने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या पेट्या कुलूपबंद केल्या. दोन यंत्रांना खासगी जाळ्याने जोडणारे टेलस्केल पेटीवर आणि फोनवर बसवा. एकच खाते, पोर्ट उघडायची गरज नाही.

दोन डिस्कचा आरसा, म्हणजे रेड १, ही सुरक्षित प्रत नव्हे, हे दुकानदारांनी ग्राहकाला विकताना सांगितलेच पाहिजे. एका डिस्कवर चुकून पुसले की दुसरीवर त्याच क्षणी पुसले जाते. डिस्क मेली तर आरसा वाचवतो. चूक, चोरी, वीज आणि व्हायरस यांपासून नाही. दोनच डिस्क घ्यायचे पैसे असतील तर माझे मत स्पष्ट आहे : एक पेटीत लावा आणि दुसरी आरशाऐवजी बाहेर ठेवा, महिन्यातून एकदा जोडून कॉपी करा आणि स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे द्या. या कामाला फिरती डिस्कच वापरा. वीज न मिळता उष्ण कपाटात पडून राहिलेली एसएसडी डेटा विसरू शकते. दर सहा महिन्यांनी त्या प्रतीतल्या कोणत्याही दहा फाइली दुसऱ्या संगणकावर चालवून पाहा.

साधारणपणे डिस्कविना रिकाम्या दोन खणांच्या नॅसच्या किमतीत जुना मिनी पीसी आणि एक डिस्क येते, त्यामुळे मराठवाड्यातल्या बहुतेक घरांसाठी माझा कौल पीसीकडे झुकतो. तो बिघडला तर गावातला कोणताही संगणक दुरुस्त करणारा तो उघडू शकतो. नॅसचा बोर्ड गेला तर पेटी बाहेर पाठवावी लागते. पण घरात लिनक्सच्या काळ्या पडद्याला कोणी हात लावणार नसेल तर हा कौल उलटा करा आणि नॅसच घ्या. भजनी मंडळे आणि गावच्या वाचनालयांनीही नॅसच घ्यावा, तिथे सांभाळणारा माणूस दर दोन वर्षांनी बदलतो.

शेवटी फोटो स्टुडिओवाल्यांना आपल्या पत्रातून एक विनंती. ग्राहकाला पेनड्राइव्ह देताना कॅमेऱ्याची १०-बिट ४:२:२ फाइल तशीच देऊ नका. ती बहुतेक सामान्य टीव्हींवर चालत नाही. तिच्यासोबत एच.२६४, ८-बिट, ४:२:०, फुल एचडी, १० ते १२ मेगाबिट आणि एएसी आवाजाची एमपी४ प्रत द्या. दोन तासांच्या चित्रफितीला नऊ ते अकरा जीबी लागतील आणि ग्राहकाला सर्व्हरची गरजच कदाचित पडणार नाही.

आपला,
एक वाचक, परभणी